एक निळा स्विच

"डोळे मिट आणि टाईप कर," मिताली म्हणाली.

"इथे? दुकानात?"

"मग काय वरातीत? मिट म्हणते ना."

मी डोळे मिटले. सांगलीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत बागवानभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याच्या काउंटरशी आम्ही दोघी उभ्या होतो. पुढ्यात तीन कीबोर्ड, तिन्हींच्या बटणांखालून रंगीत उजेड झिरपत होता. शेजारी कुणी गृहस्थ प्रिंटरची शाई घ्यायला आले होते आणि ते माझ्याकडे टक लावून बघताहेत, हे मला मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं. सदतीस ओलांडलेली बाई, खांद्याला पर्स, मनगटात भाजीची पिशवी, आणि आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी बटणं बडवतेय. पण पहिल्या कीबोर्डवर दोन ओळी मारल्या आणि मी त्या गृहस्थांना विसरले.

टक्, टक्, टक्. प्रत्येक बटण खाली जाताना स्वच्छ, कोरडा आवाज. कुठे दोन बटणं एकदम दबली तर तेही ऐकू यावं.

"हाच," मी म्हटलं.

"अगं, उरलेले दोन तरी बघ!"

दुसरा मारून बघितला. बोटं लोण्यात बुडाल्यासारखी खाली गेली, आवाज काहीच नाही. अक्षर उमटलं की नाही याचा पत्ता लागेना. तिसरा धड वाजतही नव्हता आणि धड गप्पही बसत नव्हता. माझ्या मोठ्या जावेसारखा.

बागवानभाई हसले. मोठा शांत माणूस. "मॅडम, बटणाच्या पोटात स्विच असतो. निळा वाजतो, लाल गप्प राहतो, तपकिरी मधला. गेम खेळणारे लाल नेतात, हलका असतो, झटकन दबतो. ऑफिसवाले तपकिरी नेतात. निळा शौकीन लोक नेतात, आणि मग त्यांचे शेजारी माझ्याकडे भांडायला येतात."

"मला निळाच पाहिजे," मी म्हटलं.

मिताली माझी नणंद. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी लग्न होऊन खोतांच्या घरी आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची, त्यामुळे आमच्यात नणंद-भावजयीचं नातं कमी आणि चिडवाचिडवी जास्त. घरात कॉम्प्युटर एकच. दिवसा मी त्यावर टायपिंगचा सराव करायची, संध्याकाळी मिताली बंदुकांचा खेळ खेळायची. पाच मुलींची त्यांची टीम होती, कानाला हेडफोन लावून एकमेकींशी बोलत खेळायच्या. खेळात हिचं नाव 'खोतीणबाई'. सासूबाईंना ते कळलं तेव्हा त्या दोन दिवस खूश होत्या.

जुन्या कीबोर्डची चार बटणं मेली होती. नवा घ्यायचाच होता. निम्मे पैसे तिचे, निम्मे माझे, असं ठरलं होतं. पण खरी घाई माझी होती.

सरकारी लिपिकाच्या भरतीत मी लेखी परीक्षा तीनदा पास झाले होते. लेखीनंतर टायपिंगची चाचणी असते. दहा मिनिटांत तीनशे शब्दांचा मराठी उतारा. पहिल्या खेपेला मी घाबरून चुका केल्या, तो माझा दोष. दुसऱ्या खेपेला केंद्रावरचा कीबोर्ड दगा देऊन गेला. इंग्रजी डीच्या जागी मराठीत अक्षराचा पाय मोडायचं बटण असतं. त्याशिवाय एकही जोडाक्षर जुळत नाही. ते बटण अडकत होतं. माझी नजर कागदावर, बोटं आपली चाललेली. वर बघितलं तेव्हा दोन परिच्छेद झाले होते आणि पडद्यावर 'प्रश्न'चा 'परशन' आणि 'मुख्य'चा 'मुखय' झाला होता. ते निस्तरेपर्यंत वेळ संपली.

आता ही तिसरी खेप. दोन महिन्यांनी मला अडतीस पूर्ण होणार होती, आणि अडतिसाव्यानंतर आमच्यासारख्यांना भरतीचं दार बंद. म्हणजे ही शेवटचीच. या वेळी जाहिरातीत एक नवी ओळ होती: उमेदवारास स्वतःचा कीबोर्ड आणता येईल. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की यांनी कारखान्यातून फोन करून विचारलं, "आज वाचलीस का?"

आणि आवाजाचं म्हणाल, तर माझं सगळं टायपिंगच कानावर. मी शिकले जयसिंगपूरला, पाटणकर सरांच्या क्लासमध्ये, जुन्या लोखंडी मशीनवर. सर फूटपट्टीने टेबलावर ठेका धरायचे आणि म्हणायचे, "बघायचं नाही, ऐकायचं." पुढे मशीन गेलं, अक्षरांच्या जागाही बदलल्या, मी सगळं नव्याने शिकले. कान मात्र तेच राहिले.

"वहिनी," मिताली लाल स्विचवाल्या कीबोर्डवरून बोटं फिरवत म्हणाली, "माझी पण स्पर्धा आहे हं पुण्याला. बारा तारखेला. कॉलेजच्या मुलींची."

"ती काय, दरवर्षीच असते."

तिने तो कीबोर्ड बाजूला सरकवला. मग तिने बागवानभाईंना विचारलं, "असा नाही का, ज्यातले स्विच काढता-घालता येतात?"

त्यांनी खालच्या फळीवरून एक काढला. आखूड, जड, पाठीला लोखंडी पत्रा. बरोबर दोन चिमटे होते, एक बटणांवरच्या टोप्या उपसायला, एक स्विच उपसायला. "यात निळे आहेत. उद्या वाटलं तर लाल बसवा. पण ताई, रोज काढ-घाल करायची नाही. स्विचच्या खाली दोन बारीक पाय असतात, ते वाकतात."

"आणि बोटांना रोज नवीन कीबोर्ड," मी घाईघाईने म्हटलं. "माझा हात कधी बसायचा? एकवीस दिवस राहिलेत मिताली."

मग तिने कीबोर्डच्या बाजूचं बटण दाबलं. सगळे दिवे जांभळे झाले. पुन्हा दाबलं, हिरवे झाले.

"मला काय," ती म्हणाली, "दिवे असले म्हणजे झालं. हाच घेऊया."

पोरगी दिव्यांवर भाळली, मी मनात म्हटलं, आणि मला हायसं वाटलं. मी पुढे होऊन रिक्षा थांबवली. ती पाच-सात मिनिटांनी खोकं घेऊन आली आणि रिक्षात बसताना म्हणाली, "पॅकिंगला वेळ लागला."

*

त्या संध्याकाळी घरात जो आवाज सुरू झाला तो ऐकून सासूबाई आतून बाहेर आल्या आणि अंगणातला पत्रा बघून परत गेल्या. त्यांना गारा पडताहेत असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिताली कॉलेजातून लवकर आली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. तेव्हापासून रोजचाच तो क्रम झाला. ती मोबाइलवर दहा मिनिटं लावायची, मी उतारा मारायची, मग ती तांबड्या पेनाने चुका मोजायची. आणि त्या दिव्यांचं तिने काय केलं, तर सगळे विझवून टाकले. ज्या बटणांवर माझी चूक होत होती तेवढीच लाल पेटवली. पहिल्या दिवशी चौदा बटणं पेटली होती.

"हे सगळं माझं कर्तृत्व?" मी विचारलं.

"अजून 'ळ' धरलेला नाही. दया दाखवलीय."

चौदाची अकरा झाली. अकराची नऊ. एखादं विझलेलं बटण मध्येच पुन्हा पेटायचं, मग मी चिडायची, ती खिदळायची. दुपारी आमच्या पुढच्या खोलीत शेजारच्या भिंतीमुळे अंधारून येतं. त्या अंधारात माझ्या चुका चांगल्या ठळक दिसायच्या. पण आवाजाने मला तारलं. ठेका धरला की बोटं आपोआप पळत. मिनिटाला तीस शब्दांवरून तेहतीस, तेहतिसावरून छत्तीस.

डीचं बटण शेवटपर्यंत विझेना. तिथे माझी चूक व्हायची ती वेगळीच. ते बटण आलं की मी थबकायची. उमटलं का? पुन्हा दाबू का? मागची परीक्षा त्या एका बटणात अडकून बसली होती.

"ऐक ना," मिताली म्हणायची, "टक् वाजलं म्हणजे उमटलं. वाजलं ना? मग पुढे हो. मागे वळून बघायचं नाही."

चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की संध्याकाळीही कॉम्प्युटर मलाच मिळतोय.

"तुझा खेळ नाही का?"

"टीमला सुट्टी आहे."

"स्पर्धेच्या तोंडावर?"

"तू टाईप कर गं."

मी केलं. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. बारा तारीख आली आणि गेली. त्या दिवशी रविवार होता. मिताली घरातच होती, तिने मला सहा उतारे मारायला लावले. तिला पुण्याला जायचं होतं हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. मी तिला विचारलंही नाही.

अठरा तारखेच्या संध्याकाळी मी मिनिटाला अडतीस शब्दांनी उतारा मारला. चुका दोन, दोन्ही किरकोळ. मितालीने डीवरचा शेवटचा लाल दिवा विझवला. कीबोर्ड पहिल्यांदाच पूर्ण काळा दिसला.

"गेले दिवे," ती म्हणाली. "आता तू पास."

*

केंद्र कोल्हापूरच्या बाहेर एका कॉलेजात होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेची गाडी धरली. कीबोर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मितालीने मांडीवर घेतला होता. मी म्हटलं, दे माझ्याकडे, तर म्हणाली, "तू पाडशील."

दहा वाजता स्वतःची साधनं आणलेल्यांची तपासणी होती आणि अकराला चाचणी. मिताली फाटकाबाहेर पायरीवर बसली, मी आत गेले. तपासणीला एक बाई होत्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी माझा कीबोर्ड जोडला आणि चार बोटांनी एक ओळ मारली.

खोलीतली सगळी डोकी वर झाली.

बाईंनी पुन्हा एक बटण दाबलं. टक्. एका उमेदवाराने कानावर हात ठेवले, उगाचच. मला त्याचा संताप आला.

"हा चालणार नाही," बाई म्हणाल्या.

"मॅडम, जाहिरातीत आहे, स्वतःचा आणता येईल."

"त्याच्या खाली काय आहे ते वाचलंत? इतर उमेदवारांना व्यत्यय येणार नाही असा. एका हॉलमध्ये साठ जण बसणार आहेत. तुमच्या शेजारच्याने काय करायचं?"

ती खालची ओळ मी वाचली होती. शंभरदा वाचली होती. पण व्यत्यय म्हणजे माझा आवाज, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सरांच्या क्लासमध्ये वीस मशीनं एकदम खडखडायची आणि त्यात कुणाचाच कुणाला व्यत्यय होत नसे. मी त्याच खोलीत अजून बसले होते.

"केंद्राचा वापरा," बाई जरा मऊपणाने म्हणाल्या. "नाहीतर पावणेअकरापर्यंत दुसरा आणा. त्यानंतर मी काही घेऊ शकणार नाही."

केंद्राचा एक टेबलावर होता. मी त्याचं डी दाबून बघितलं. ते खाली गेलं आणि रमतगमत वर आलं.

बाहेर येऊन मी मितालीशेजारी पायरीवर बसले. काय झालं ते कसंबसं सांगितलं. वर हेही म्हटलं की संपलं, आता घरी जाऊया, माझ्या नशिबात नाहीच ते. अडतिसाव्या वर्षी मी एका अनोळखी कॉलेजाच्या फाटकात तोंडाला पदर लावून रडायला लागले.

मितालीने घड्याळ बघितलं. "दहा वाजून बारा," ती म्हणाली आणि आपल्या पिशवीत हात घातला. बाहेर निघाला एक प्लॅस्टिकचा डबा, बडीशेपेचा असतो तसा. तिने झाकण उघडलं. आत लाल स्विच भरले होते.

"हे कुठून आणलेस?"

"बागवानभाईंकडून."

"कधी?"

"कीबोर्ड घेतला तेव्हाच. आज असू द्यावेत म्हणून बरोबर घेतले."

"मग बसवले का नाहीस इतके दिवस?"

"वहिनी, गप्पा नंतर. हा चिमटा धर. तू टोप्या उपस, मी स्विच बदलते. ओळीप्रमाणे ठेव, प्रत्येक ओळीची उंची वेगळी असते. ओळ चुकवू नकोस, बाकी काही चुकव."

तिने अभ्रा पायरीवर अंथरला. मी टोप्या उपसू लागले. टप्, टप्, टप्, एकेक टोपी निघत होती आणि खाली निळे ठिपके उघडे पडत होते. मिताली ते चिमट्याने उपटून लाल दाबून बसवत होती. तिचा हात इतका सफाईने चालत होता की मी रडायचं विसरले. एका स्विचचा पाय वाकला. तिने माझ्या अंबाड्यातला आकडा ओढून घेतला, पाय सरळ केला आणि आकडा परत माझ्या केसांत खोचला. फाटकावरचा शिपाई खुर्ची सोडून बघायला आला. "हे काय, बाई, जोडे शिवताय काय?" असं म्हणून तोही उकिडवा बसला आणि सांडलेल्या टोप्या गोळा करून देऊ लागला.

परत टोप्या बसवताना मात्र माझा सगळा गोंधळ झाला. ओळी बरोबर, पण ओळीतली अक्षरं कुठल्या कुठे.

"मिताली, पीच्या जागी आर गेलाय."

"तुला अक्षरं बघावी लागतात?"

"नाही."

"मग जाऊ दे त्याला. अंक आणि अक्षरं झाली, स्पेस झाली, शिफ्ट झाली. कडेचीही झाली." तिने शेवटची टोपी दाबली, कीबोर्ड माझ्या हातात दिला आणि डबा पिशवीत टाकला. "एक डी राहिलाय. वेळ संपला. पळ."

"डीच राहिला? अगं, नेमका…"

"एका बटणाने कुणी कानावर हात ठेवत नाही. पळ म्हणते ना!"

मी पळाले. तपासणीच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळात दहा छत्तीस झाले होते. हे मला नीट आठवतं, कारण धाप लागलेली असताना मी त्या काट्यांकडेच बघत होते. बाईंनी कीबोर्ड जोडला. वरच्या ओळीतली बटणं मारली. आवाज नाही. त्यांनी चष्मा वर केला.

"ही अक्षरं अशी काय लागलीत?"

"मला लागत नाहीत मॅडम, अक्षरं."

"आणि दिवे?"

"विझलेत. काल संध्याकाळीच."

त्यांनी सही केली.

अकरा वाजता घंटा झाली. मी उतारा बघितला, डोळे कागदावर ठेवले आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला मला बहिरं झाल्यासारखं वाटलं. बोटं खाली जात होती, वर येत होती, आणि कानाला काहीच नव्हतं. ठेका सापडेना. दुसऱ्या शब्दाला मी थांबले, तिसऱ्याला थांबले. वर पडद्याकडे बघावंसं वाटलं आणि बघितलं असतं तर मागच्यासारखीच हरवले असते. तेवढ्यात 'प्रकल्प' हा शब्द आला. प. डी.

टक्.

नेमकं ते बटण वाजलं, आणि मी पुढे गेले. क ला ल जोडायचा होता ना, नाही, ल ला प. टक्. पुन्हा पुढे. मराठीत जोडाक्षरं काही कमी नाहीत. दर दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला ते एक बटण वाजत होतं, आणि दोन आवाजांच्या मधली बोटं आपोआप त्या ठेक्यात बसू लागली. टक्. उमटलं. पुढे हो. मागे वळून बघायचं नाही. मितालीचा आवाज आणि पाटणकर सरांची फूटपट्टी, दोन्ही मला एकदम ऐकू येत होतं.

उतारा संपला तेव्हा पन्नास सेकंद उरले होते.

फाटकात मिताली शिपायाबरोबर चहा पीत उभी होती. मी तिला मिठीच मारली. "अगं, डी राहिला ते देवासारखं धावून आलं," मी म्हटलं. "तेवढं एक वाजत होतं म्हणून तरले."

"बघ," ती म्हणाली. "नशीब तुझं."

*

मी पास झाले. नोकरी लागली. पोस्टिंग मिरजेला मिळालं आणि तो कीबोर्ड मी ऑफिसात नेला. मितालीनेच लावला. ती पुढच्या वर्षी पुण्याला नोकरीला लागली, मग लग्न होऊन नाशिकला गेली, तिला मुलगी झाली. खोतीणबाई हे नाव घरात कुणी घेईनासं झालं.

ऑफिसात मला सात वर्षं एकच प्रश्न विचारला गेला: "खोत मॅडम, तुमचं एक बटण का हो वाजतं?" मी म्हणायची, त्याला बोलायची सवय आहे, राहू दे.

गेल्या महिन्यात ते गप्प झालं. दाबलं की जायचं, पण वाजायचं नाही. मी शनिवारी कीबोर्ड अभ्र्यात गुंडाळून बागवानभाईंकडे नेला. केस पांढरे झालेत त्यांचे. त्यांनी डीची टोपी काढून बघितली.

"निळा. बाकी सगळे लाल. यालाही लालच बसवू ना?"

"नाही. निळाच."

त्यांनी कीबोर्ड उलटा केला, पाठीचा पत्रा बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा मिताली ताईंचा ना? खोतीणबाईंचा?"

"तुमच्या लक्षात आहे?"

"न राहायला काय झालं! तसं खेळणारं पोरींत इथं दुसरं कोण होतं? जाताना मागं राहून सत्तर लाल घेऊन गेल्या. पाच-सहा दिवसांनी परत आल्या. म्हणाल्या, भाई, निळ्याचा आवाज माइकवर जातो, टीमच्या पोरींना खेळातलं काही ऐकू येत नाही, काहीतरी करा. मी म्हटलं, लाल तर नेलेत, बसवा. म्हणाल्या, वहिनीचा हात बसत आलाय, एकोणीस तारखेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आणि स्पर्धा बारा तारखेला." त्यांनी ड्रॉवर उघडून निळा स्विच शोधायला घेतला. "मग टीमने दुसरी पोरगी घेतली. पुण्यात त्या पोरी पहिल्या आल्या. मिताली ताईंचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पुढल्या वर्षी यांना घेतलं नसतं. वयाचं-बियाचं असतं ना त्यात."

माझं वय संपत आलंय हे त्या वर्षी मी गल्लीतल्या सगळ्यांना सांगून झाले होते. तिचंही संपत होतं, आणि ती माझ्या शेजारी बसून माझ्या चुका मोजत होती.

"भाई," मी विचारलं, "एक स्विच बदलायला किती वेळ लागतो?"

त्यांनी टोपी काढली होतीच. निळा उपसला, नवा दाबला, टोपी लावली. "एवढा," ते म्हणाले.

दहा सेकंदही नव्हते. आणि त्या दिवशी मी तपासणीच्या खोलीत पोचले तेव्हा दहा छत्तीस झाले होते, मुदत पावणेअकराची होती.

मी दुकानाच्या पायरीवर येऊन फोन लावला. मागे मुलीचं काहीतरी चाललं होतं, भांडी वाजत होती.

"बोल गं वहिनी."

"मिताली, त्या दिवशी डी राहून गेला होता की तू ठेवला होतास?"

तिकडे भांडी थांबली.

"आज काय एकदम?"

"सांग."

"तुला भीती त्या एकाच बटणाची होती ना," ती म्हणाली. "मग ते उमटलेलं तुला ऐकू यायला नको? बाकीची काय, मुकी चालली असती."

"आणि पुण्याची स्पर्धा?"

"अगं, ते केव्हाचं! वहिनी, पोळी तव्यावर आहे, करपेल. संध्याकाळी करते फोन, हं?"

तिने ठेवला. मी डोळे पुसून आत गेले. बागवानभाईंनी माझा कीबोर्ड अभ्र्यात नीट गुंडाळून ठेवला होता.

"झालं मॅडम. एकच होता, त्याचं काही देऊ नका."

"अजून एक पाहिजे," मी म्हटलं. "पूर्ण. चांगल्यातला. दिव्यांचा, लाल स्विचचा. नाशिकला पाठवायचाय."

"वाढदिवस आहे का त्यांचा?"

"नाही," मी म्हटलं. "उशीर झालाय."

त्यांनी फळीवरून तीन खोकी काढून काउंटरवर ओळीने उघडली आणि एकेक जोडून दाखवू लागले. मी पर्स खाली ठेवली, डोळे मिटले आणि सगळ्यांत गप्प कोणता ते ऐकू लागले.